सूट आणि हक्क : डिस्नेलँडच्या दाढीमिशीचा इतिहास

विषयाचं नाव ऐकून काही मंडळी गालात हसली, ते आम्ही इथून पाहिलं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने थीम पार्कमधल्या नोकरांच्या दाढीमिशीवर बोलावं, हे जरा विचित्र वाटणारच. पण माणूस जेव्हा आपले आठ तास विकतो, तेव्हा त्यासोबत आपला चेहराही विकतो का, हा प्रश्न काही लहान नाही. आणि तो प्रश्न जितक्या बारकाव्याने डिस्नेच्या पार्कांत हाताळला गेला, तितका क्वचितच कुठे हाताळला गेला असेल. म्हणून आज तेच उदाहरण घेऊ.

सुरुवात 1955 पासून करू. त्या वर्षी 17 जुलैला कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनहाइम इथे डिस्नेलँड उघडलं. वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना घेऊन बागेत, मेरी-गो-राउंडवर जात असत. मुली खेळायच्या आणि हे बाकावर बसून राहायचे. तिथेच त्यांच्या मनात आलं, की आईबापांनाही रमता येईल अशी जागा हवी. तोवर अशा करमणुकीच्या जागा म्हणजे आपल्या जत्रेतल्या पाळण्यांसारख्या. त्यातही बकाल, आणि तिथल्या माणसांवर कोणी विश्वास टाकू नये अशी त्यांची ख्याती. डिस्नेंना नेमकं याच्या उलट हवं होतं. रस्ता स्वच्छ, कचरापेटी स्वच्छ, आणि त्याच न्यायाने नोकराचा चेहराही स्वच्छ. पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेत स्वच्छ चेहरा म्हणजे गुळगुळीत दाढी केलेला चेहरा. झालं, नियम ठरला. दाढी नाही, मिशी नाही, पुरुषांचे केस आखूड.

गंमत अशी, की खुद्द वॉल्ट डिस्नेंना मिशी होती. ज्यांच्या नावाची पाटी फाटकावर, त्यांना त्याच फाटकाच्या आत तिकिटं फाडायची नोकरी मिळाली नसती! यावर हसून पुढे जाता येईल, पण थोडं थांबू. नियम मिशीविरुद्ध नव्हता, हे यातून कळतं. मालकाची मिशी चालत होती. नोकराच्या मिशीतून पाहुण्याच्या मनात येऊ शकणाऱ्या शंकेविरुद्ध तो नियम होता.

आता डिस्नेंच्या परिभाषेकडे या. तिथे नोकराला नोकर म्हणत नाहीत, ‘कास्ट मेंबर’ म्हणतात, म्हणजे नटसंचातला एक. गणवेश म्हणजे ‘कॉस्च्युम’. पाहुण्यांसमोर असणं म्हणजे रंगमंचावर असणं, आणि मागच्या बाजूला जाणं म्हणजे विंगेत जाणं. शब्द गोड आहेत, पण त्यात एक युक्तिवाद दडलेला आहे. आपल्या संगीत नाटकात बालगंधर्व स्त्री-भूमिका करत. अशा नटाने मिशी ठेवली नाही, तर त्यात जुलूम कसला? भूमिकेचीच ती गरज. पण झाडूवाल्याची भूमिका कोणती? तो खराखुरा झाडू घेऊन खराखुरा कचरा काढतोय. त्याला नट म्हटलं, की मग त्याच्या हनुवटीबद्दल दिग्दर्शकाला बोलता येतं. एका शब्दाने केवढं काम केलं पाहा.

जॉन व्हान मानेन नावाचे समाजशास्त्रज्ञ तरुणपणी डिस्नेलँडमध्ये राइड चालवायचं काम करत. पुढे 1991 मध्ये त्यांनी त्या अनुभवावर एक निबंध लिहिला आणि त्या जागेला हास्याचा कारखाना म्हटलं. त्याआधी 1983 मध्ये आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या परिचारिकांचा अभ्यास करून दाखवलं होतं, की काही नोकऱ्यांत भावनासुद्धा पगाराच्या बदल्यात द्याव्या लागतात. चेहऱ्याचे नियम याच व्यवहाराचा भाग आहेत.

साठच्या दशकात जग बदललं. लांब केस ही तरुणांची निशाणी झाली, व्हिएतनाम युद्धाला विरोध करण्याची निशाणी झाली. त्या काळात लांब केसांच्या काही पाहुण्यांनासुद्धा फाटकावरून परत पाठवलं जाई. 6 ऑगस्ट 1970 ला यिप्पी म्हणवणारे काही शे तरुण पार्कमध्ये शिरले. घोषणा झाल्या, गोंधळ झाला, पोलीस आले, आणि त्या दिवशी डिस्नेलँड वेळेआधी बंद करावं लागलं. अशा वातावरणात नोकराचे आखूड केस म्हणजे नुसती स्वच्छता राहिली नाही. आम्ही कोणत्या बाजूचे, हे सांगणारी ती पाटी झाली.

पुढचा प्रसंग फ्रान्सचा. 12 एप्रिल 1992 ला पॅरिसजवळ डिस्नेचं पार्क उघडलं. अमेरिकेतली नियमावली सोबत आलीच. दाढीमिशी, केसांचा रंग, नखं, अगदी अंगाला वास येऊ नये म्हणून काय लावायचं इथपर्यंत. फ्रेंच कामगार संघटना खवळल्या. वर्तमानपत्रांनी याला व्यक्तिस्वातंत्र्यावरचा हल्ला म्हटलं. मुद्दा भावनेचा होताच, पण कायद्याचाही होता. फ्रान्समध्ये 1982 पासूनच कायदा असा, की मालकाच्या अंतर्गत नियमांनी माणसाच्या स्वातंत्र्यावर घातलेलं बंधन कामाच्या स्वरूपामुळे आवश्यक असलं पाहिजे आणि हेतूच्या प्रमाणात असलं पाहिजे. इथे प्रश्न कसा उलटला, ते लक्षात घ्या. अमेरिकेत नोकर विचारत होता, ‘साहेब, मिशी ठेवू का?’ फ्रान्सचा कायदा साहेबांनाच विचारत होता, ‘का ठेवू नये, ते सांगा.’

आपल्या आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे. सूट आणि हक्क यांतला फरक तो हाच.

आता सूट कशी मिळत गेली, ते भरभर पाहू. 2000 साली मिशीला परवानगी मिळाली, पण ती नीट कातरलेली हवी, आणि वाढवायची ती रजेवर असताना, कामावर नव्हे. त्या वर्षी अमेरिकेतली बेरोजगारी 4 टक्क्यांच्या आसपास होती. माणसं मिळणं कठीण असलं, की मालकाला मिशी एकदम कमी धोकादायक वाटू लागते, हा आमचा तर्क. 2010 मध्ये बायकांवरची लांब मोज्यांची सक्ती गेली. 2012 च्या फेब्रुवारीत दाढी आली, तीही पाव इंचापेक्षा लांब नको. आणि एप्रिल 2021 मध्ये सर्वांत मोठा बदल झाला. दिसणारे टॅटू चालतील, केशरचना, दागिने, नखं यांत स्त्री-पुरुष अशी काटेकोर विभागणी राहणार नाही, आपल्याला साजेसा कॉस्च्युम निवडता येईल. सुरक्षितता, सौजन्य, सादरीकरण, कार्यक्षमता या जुन्या चार सूत्रांना ‘समावेश’ हे पाचवं सूत्र जोडलं गेलं. आदल्याच वर्षी साथीच्या काळात कंपनीने 28,000 नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं होतं, हेही त्यासोबत लक्षात ठेवायला हवं.

ही यादी वाचून वाटतं, की स्वातंत्र्य एकेक पायरी वर चढत आलं. पण नीट पाहा. मिशी 2000 साली आली, तेव्हा मिशीला कोणी घाबरत नव्हतं. दाढी 2012 मध्ये आली, तोवर बँकेतले अधिकारीही दाढी ठेवत होते. समाजाच्या मनातली शंका गेली, मग नियम गेला. अल्पसंख्य असणाऱ्याची, अजूनही शंका घेतली जाते अशा माणसाची बाजू या वाटेने कधी येणार?

म्हणून दुसरी वाट पाहू. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमध्ये टपाल वाटणारा एक शीख कर्मचारी होता. पगडी आणि दाढीमुळे त्याला 2008 पासून पाहुण्यांच्या नजरेला पडणार नाहीत अशाच मार्गांवर ठेवलं गेलं. कामावरून काढलं नाही, फक्त विंगेत ठेवलं. नागरी हक्कांच्या संघटनांनी त्याची बाजू घेतली आणि 2015 मध्ये कंपनीने ते बंधन उठवलं. कॅलिफोर्नियात 2010 मध्ये हॉटेलातल्या एका मुस्लिम कर्मचारी स्त्रीने हिजाब घालून काम करू द्या म्हटलं. तिच्यापुढे मागच्या बाजूला काम करण्याचा किंवा हिजाबावर टोपी घालण्याचा पर्याय ठेवला गेला. 2012 मध्ये ती कोर्टात गेली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, की धर्माच्या पेहरावामुळे कर्मचाऱ्याला लोकांच्या नजरेआड ठेवणं ही रास्त सोय मानली जाणार नाही. आणि 2019 मध्ये त्याच राज्याने नैसर्गिक केशरचनेवरून, म्हणजे मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या केसांवरून, भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. डिस्नेचं पाचवं सूत्र त्यानंतरचं आहे.

पगडी काही फॅशन म्हणून रूढ झाली नव्हती. पाहुण्यांच्या डोळ्यांना तिची सवय होईपर्यंत त्या टपालवाल्याने वाट पाहिली असती, तर तो विंगेतच निवृत्त झाला असता.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, ‘मग मालकाने काहीच नियम करू नयेत का?’ चांगला प्रश्न आहे. जरूर करावेत. फिरत्या यंत्राजवळ मोकळे केस नकोत, कारण त्यात जीव जाईल. मिकीच्या पोशाखात शिरणाऱ्याची उंची पाहावी, कारण ती खरोखर भूमिका आहे. ही कारणं मोठ्याने सांगता येतात, तपासता येतात. ‘गिऱ्हाइकाला आवडत नाही’ हे तिसरं कारण मात्र कच्चं. गिऱ्हाइकाला काय काय आवडत नव्हतं, याची यादी काढली तर कुठल्याही देशाला मान खाली घालावी लागेल.

जाता जाता आमची एक आठवण. आम्ही नव्याने शिकवायला लागलो तेव्हा एका प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, ‘वर्गात दाढी शोभत नाही.’ आम्ही मुकाट्याने काढली. काही वर्षांनी नवे प्राचार्य आले, त्यांना स्वतःलाच दाढी होती. मग आम्हीही पुन्हा ठेवली आणि फार सुधारलं हो कॉलेज, असं म्हणालो. आज कळतं, सुधारलं काहीच नव्हतं. फक्त साहेब बदलले होते. पहिल्या वेळीच आम्ही ‘का?’ असं विचारायला हवं होतं.

इथे थांबतो.