राउटरवरील दोन पाने : व्हीपीएन आणि सिसलॉग यांचा इतिहास

कोणत्याही कार्यालयीन राउटरच्या व्यवस्थापन पडद्यावर गेलो, तर दोन पाने हमखास सापडतात. एक व्हीपीएनचे, म्हणजे बाहेरच्या माणसाला सुरक्षित वाटेने आतल्या नेटवर्कमध्ये आणण्याचे. दुसरे सिस्टीम लॉगचे, म्हणजे राउटरवर काय घडले याची नोंद ठेवण्याचे. प्रात्यक्षिकात विद्यार्थी पहिले पान काळजीपूर्वक भरतात आणि दुसरे बहुधा जसे असेल तसे सोडून देतात. ही दोन पाने वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून जन्मली आणि बऱ्याच उशिरा एकमेकांना जोडली गेली. राउटरमध्ये आधीपासून भरून ठेवलेले पर्याय हे त्या इतिहासाचेच अवशेष आहेत. ते का तसे आहेत हे कळले, की त्यांपैकी कोणते बदलायला हवेत हेही कळते.

१. टपालाच्या कामातून आलेली नोंदवही

सिसलॉगचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात झाला. तेथे एरिक ऑलमन हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस सेंडमेल हा ईमेल पोचवणारा प्रोग्रॅम लिहीत होते. पत्र कोठे अडकले, का परत आले, हे समजण्यासाठी त्यांना नोंदींची सोय हवी होती. प्रत्येक प्रोग्रॅमने आपली वेगळी फाइल ठेवण्यापेक्षा सर्वांनी एकाच ठिकाणी नोंद पाठवावी, अशी ही रचना होती. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत ती आली आणि पुढे जवळजवळ प्रत्येक राउटर व स्विचने ती उचलली.

सिसलॉगच्या प्रत्येक संदेशावर एक अंक असतो. संदेश कोणत्या विभागातून आला याचा क्रमांक गुणिले ८, अधिक तीव्रता, असा तो काढतात. तीव्रता ० ते ७ अशी असते. ० म्हणजे यंत्रणा निकामी आणि ७ म्हणजे केवळ दोष शोधण्यासाठीची माहिती. विभाग २३ आणि तीव्रता ५ असेल, तर २३ × ८ + ५ = १८९. विभागांची यादी पाहिली की काळ डोळ्यांसमोर येतो. त्यात ईमेल आहे, प्रिंटर आहे, यूयूसीपी ही टेलिफोन लाइनवरून फाइली पाठवणारी जुनी पद्धतही आहे. राउटर, फायरवॉल किंवा व्हीपीएन यांच्यासाठी मात्र एकही विभाग नाही. म्हणून राउटर ‘लोकल ०’ ते ‘लोकल ७’ या मोकळ्या ठेवलेल्या आठ क्रमांकांचा आधार घेतात.

ही रचना एकमेकांवर विश्वास असलेल्या परिसरासाठी होती. संदेश यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून उघडा जात असे. पाठवणारा खरा आहे का, हे कोणी तपासत नसे आणि वाटेत संदेश हरवला तर कोणाला कळतही नसे. वेळेच्या नोंदीत महिना, दिवस आणि तास होते, पण वर्ष नव्हते आणि कोणत्या देशाची वेळ हेही नव्हते. एका इमारतीतल्या संगणकांना यांपैकी कशाची गरज भासत नव्हती.

२. पंचाहत्तर सेंटचा धडा

त्याच विद्यापीठाच्या वरच्या टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. १९८६ मध्ये तेथील खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टॉल यांच्याकडे संगणक-वापराच्या हिशेबातील ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. शोध घेता घेता एक घुसखोर सापडला. त्याने सर्वोच्च अधिकार मिळवले होते. म्हणजेच संगणकातली कोणतीही नोंद तो बदलू किंवा पुसू शकत होता.

स्टॉल यांनी यावर साधा उपाय केला. बाहेरून येणाऱ्या लाइनींवर त्यांनी प्रिंटर जोडले. घुसखोर जे टाइप करेल ते संगणकाला नकळत कागदावर उमटू लागले आणि कागद पुसणे त्याच्या हातात नव्हते. या नोंदींच्या आधारे माग पश्चिम जर्मनीतील हानोफर शहरापर्यंत गेला आणि १९९० मध्ये हेरगिरीचा खटला चालून शिक्षा झाली.

ज्या यंत्रावर हल्ला होतो, त्याच यंत्रातली नोंद पुरावा म्हणून भरवशाची नसते, हे या घटनेतून दिसते. राउटरच्या पानावर ‘दूरस्थ लॉग सर्व्हर’ असा जो रकाना असतो, तो स्टॉल यांच्या प्रिंटरचेच काम करतो. आणखी एक साधे कारणही आहे. राउटरची स्मृती छोटी असते. नव्या नोंदी जुन्यांना ढकलून देतात, आणि बऱ्याच उपकरणांत वीज गेली की सर्वच नोंदी जातात.

३. भाड्याच्या लाइनीपासून बोगद्यापर्यंत

व्हीपीएनची कथा उलट टोकापासून सुरू होते. तिच्या मुळाशी वाटेवरचा अविश्वास आहे. पूर्वी दोन शाखा जोडायच्या तर दूरसंचार कंपनीकडून लीज्ड लाइन भाड्याने घ्यावी लागे. ती खासगी होती, पण महाग होती. १९९० च्या दशकात इंटरनेट स्वस्त झाले. भारतातही १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने ते सर्वसामान्यांसाठी खुले केले. मग प्रश्न आला, की सार्वजनिक रस्त्यावरून खासगी माल कसा न्यायचा?

उत्तर होते बोगदा. मूळ पॅकेट कूटबद्ध करायचे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे करायचे, आणि दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवायचे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आयपीसेकचे पहिले आरएफसी, म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज, प्रसिद्ध झाले. पण आयपीसेकची मांडणी अवघड होती. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर आलेले पीपीटीपी सोपे होते, म्हणून ते झपाट्याने पसरले. ब्रूस श्नायर आणि मज यांनी १९९८ मध्येच मायक्रोसॉफ्टच्या पीपीटीपीतील गंभीर दोष दाखवले. २०१२ मध्ये तर त्यातील पासवर्ड-पडताळणी फोडणे हे एकच जुनी डीईएस किल्ली शोधण्याइतके सोपे असल्याचे सिद्ध झाले. तरी अनेक राउटरांच्या यादीत ते नाव पुढेही राहिले. यादीत पर्याय आहे म्हणून तो सुरक्षित आहे असे मानू नये.

आयपीसेकच्या पानावर ५०० आणि ४५०० असे दोन पोर्ट दिसतात, त्यामागेही इतिहास आहे. ५०० हा किल्ल्यांच्या देवाणघेवाणीसाठी. दरम्यान पत्त्यांची टंचाई झाल्याने एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक यंत्रे ठेवण्याची नॅट पद्धत रूढ झाली. नॅट वाटेत पॅकेटवरचा पत्ता बदलते आणि आयपीसेकला तसा बदल मानवत नव्हता. २००५ मध्ये आयपीसेकचे पॅकेट यूडीपीच्या ४५०० पोर्टमधून नेण्याची पद्धत प्रमाणित झाली आणि अडचण सुटली. २००१ मध्ये सुरू झालेले ओपनव्हीपीएन आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ मध्ये सामील झालेले वायरगार्ड यांनी मांडणी बरीच सोपी केली.

४. उशिरा झालेली भेट

व्हीपीएन एकाच प्रश्नाचे उत्तर देते : वाटेत कोणी वाचू शकेल का? आत आलेला माणूस कोण, तो केव्हा आला, चोरलेल्या पासवर्डने आला का, हे बोगदा सांगत नाही. उलट चोरही त्याच कूटबद्ध वाटेने सुखरूप आत येतो. हे फक्त नोंद सांगू शकते. आणि ती नोंद उघड्या वाटेने जात असेल, तर तीही वाचता किंवा बनावट करता येते. म्हणजे बोगद्याला नोंद हवी आणि नोंदीला बोगदा हवा.

ही जाणीव दस्तऐवजांत उतरायला वेळ लागला. जुना सिसलॉग २००१ मध्ये आरएफसी ३१६४ मध्ये लिहिला गेला, तोही केवळ ‘आजवर असे चालत आले’ या स्वरूपात. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने वेळेच्या नोंदीत वर्ष आणि मूळ जागतिक वेळेपासूनचा फरक आणला. सोबतच्या ५४२५ ने टीएलएस वापरून ६५१४ पोर्टवरून कूटबद्ध संदेश पाठवण्याची सोय केली. तरीही अनेक राउटरांत आजही ५१४ हाच आधी भरलेला पर्याय असतो.

५. भारतातील टप्पा

मार्च २०२० मध्ये घरून काम सुरू झाले, तेव्हा दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या सेवांसाठी व्हीपीएनविषयीच्या अटी सैल केल्या. कार्यालयाचा दरवाजा घराघरांत पोचला. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० खाली निर्देश काढले. त्यांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपावेत, ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळवाव्यात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवावीत. वर्ष न लिहिणाऱ्या जुन्या सिसलॉगशी ताडून पाहिले, तर घड्याळाची ही अट का आली ते सहज कळते.

याच निर्देशांनी व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची नावे, पत्ते आणि दिलेले आयपी पत्ते ५ वर्षे ठेवण्यास सांगितले. यावर वाद झाला. गुन्ह्याचा माग लागावा हा एक हेतू, तर पत्रकार किंवा सामान्य नागरिक यांची खासगीपणाची अपेक्षा ही दुसरी बाजू. काही विदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनला ही ग्राहक-नोंदीची अट लागू नाही, असे नंतर स्पष्ट करण्यात आले. लॉग ठेवण्याची जबाबदारी मात्र त्यांनाही आहे.

६. मांडणीचा क्रम

या इतिहासातून कामाचा क्रम आपोआप निघतो. आधी राउटरचे घड्याळ एनटीपीने जुळवावे. मग नोंदी दुसऱ्या यंत्रावर, शक्य तर टीएलएसने किंवा बोगद्यातून पाठवाव्यात. त्यानंतर व्हीपीएन सुरू करावे आणि पीपीटीपी बंद ठेवावे. शेवटी मुद्दाम चुकीचा पासवर्ड किंवा चुकीची किल्ली देऊन पाहावी. त्या प्रयत्नाची ओळ लॉग सर्व्हरवर योग्य वेळेसह उमटली, तरच मांडणी पूर्ण झाली. वायरगार्डच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. ते अनोळखी पॅकेटला उत्तर देत नाही आणि सहसा स्वतःहून नोंदही करत नाही, त्यामुळे नोंदीची व्यवस्था वेगळी करावी लागते.

नोंदवहीत कोण, केव्हा, कोठून एवढे असावे. कोणी काय वाचले हे जपणे ही सुरक्षा नसून पाळत आहे. ही सीमा राउटर ठरवत नाही. ती मांडणी करणाऱ्या माणसाला ठरवावी लागते.

विचारासाठी प्रश्न

१. विभाग ४ आणि तीव्रता ६ असलेल्या सिसलॉग संदेशाचा अंक काढा.
२. दूरस्थ लॉग सर्व्हर त्याच राउटरच्या प्रशासकाच्या ताब्यात असेल, तर स्टॉल यांचा धडा कितपत पाळला गेला?
३. आपल्या महाविद्यालयाच्या व्हीपीएनसाठी कोणत्या नोंदी ठेवाव्यात आणि कोणत्या ठेवू नयेत? कारणे द्या.