हौशी विमानोड्डाण, महाराष्ट्रातील

हौशी विमानोड्डाण, महाराष्ट्रातील : वेतन वा भाडे न घेता, केवळ छंद, क्रीडा अथवा साहस म्हणून खाजगी परवान्यावर केलेले उड्डाण. भारतात या छंदाला संघटित रूप आले ते १९२८ मध्ये. त्या वर्षी दिल्ली व मुंबई येथे फ्लाइंग क्लब निघाले आणि मुंबईच्या क्लबने जुहूच्या किनाऱ्यालगतचे मैदान आपले केंद्र केले. तत्पूर्वी भारतीय वैमानिक नव्हते असे नाही. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय व मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर हे ब्रिटिश हवाई दलातून लढले व दोघेही १९१८ मध्ये कामी आले. परंतु ते सैनिक होते. स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या खर्चाने उडणारा भारतीय क्लबांमुळेच निर्माण झाला.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांना एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माचा परवाना मिळाला. त्यावर १ हा क्रमांक होता. भारतात परवाना मिळविणारे ते पहिले वैमानिक होत. ‘पहिले भारतीय वैमानिक’ हे त्यांच्याविषयीचे रूढ विधान मात्र वरील कारणामुळे सैल ठरते. शिक्षकासह सु. साडेतीन तास उडाल्यानंतर त्यांना एकट्याने उड्डाण करू देण्यात आले होते. आजच्या मानाने हा अवधी अविश्वसनीय वाटतो. त्या वेळी परवान्यासाठी आठाच्या आकड्यासारख्या गिरक्या घेणे व एंजिनाच्या साहाय्याविना ठरलेल्या खुणेजवळ उतरणे एवढीच मुख्य परीक्षा असे.

क्लबांचे विमान म्हणजे द हॅव्हिलंड कंपनीचे १९२५ मध्ये प्रथम उडालेले ‘मॉथ’. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका आणि दुमडता येणारे पंख अशी त्याची रचना होती. १९२८ पासून त्यास सु. १०० अश्वशक्तीचे ‘जिप्सी’ एंजिन बसविले जाऊ लागले. त्यात बिनतारी यंत्र नव्हते. मांडीवरचा नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारे लोहमार्ग, नद्या व समुद्रकिनारा हेच मार्गदर्शक. वैमानिकाचे वर्ष त्याच्या उड्डाणनोंदवहीतच उरते आणि ते मुंबईत बारा महिन्यांचे नसते. मॉन्सूनमध्ये जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. म्हणूनच पुढे टाटांच्या टपालसेवेलाही पावसाळ्यात पुण्याजवळ येरवड्याला बिऱ्हाड हलवावे लागे.

पहिल्या परवान्यानंतरचे वर्ष या इतिहासात सर्वांत मोलाचे आहे. नोव्हेंबर १९२९ मध्ये आगाखान यांनी इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड असा प्रवास ठरलेल्या मुदतीत एकट्याने करणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर व टाटा असे तिघे पुढे सरसावले. तिघांचाही अनुभव तोकडा, विमाने लहान आणि मार्गावर दुरुस्तीची सोय तुरळक. सिंग भारतात पोहोचले, पण मुदत टळल्यामुळे पारितोषिकास मुकले. टाटा ३ मे १९३० रोजी कराचीहून निघाले. ईजिप्तमधील अबूकीर येथे उलट दिशेने येणारे, अवघ्या सतरा वर्षांचे इंजिनिअर त्यांना अडकून पडलेले भेटले. त्यांना स्पार्क प्लगची गरज होती. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. इंजिनिअर ११ मे रोजी कराचीस उतरले व पारितोषिकाचे मानकरी ठरले. टाटा थोडक्यात मागे पडले. शर्यतीचा निकाल त्या प्लगांनीच ठरविला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या तिघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. इंजिनिअर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. सिंग मार्च १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हवाई हल्ल्यात मरण पावले. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले आणि हौशी वैमानिकाच्या हातून देशातील विमानव्यवसाय सुरू झाला. त्याच मार्गावर त्यांनी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जुन्या बनावटीच्या ‘लेपर्ड मॉथ’ मधून उड्डाण केले. ही दोन्ही उड्डाणे निव्वळ स्मरणार्थ होती.

हा छंद फार थोड्यांच्या आवाक्यात होता. औरंगाबाद, सिल्लोड, जालना हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्याला जवळचा म्हणावा असा क्लब हैदराबादनजीकच्या बेगमपेटचा. बाबर मिर्झा यांच्या प्रयत्नांतून तो उभा राहिला होता. सिल्लोडच्या कापूसउत्पादक शेतकऱ्याला मुंबई काय किंवा बेगमपेट काय, दोन्ही सारखीच दुर्गम. स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने क्लबांना साहाय्य दिले आणि बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने १९५८ मध्ये ‘पुष्पक’ हे ९० अश्वशक्तीचे दोन आसनी विमान तयार केले. तथापि खर्च कमी झाला नाही. क्लबांतील तरुण व्यावसायिक परवान्याकडे वळले आणि हौस ही नोकरीची पायरी बनली.

निखळ हौस टिकली ती प्रामुख्याने एंजिनरहित विमानांत. पुण्याजवळील हडपसर येथील ग्लायडर केंद्रात दोराच्या ओढीने वर गेलेले ग्लायडर तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभांवर तरंगत राहते. येथे इंधनापेक्षा ऋतू महत्त्वाचा. कडक उन्हाचे महिने उपकारक, तर पावसाळा बव्हंशी विश्रांतीचा. नागरी विमानवाहतूक खात्याने भारतातच रचलेल्या ग्लायडरांना अश्विनी (१९५८), भरणी, कार्तिक, रोहिणी (१९६१), मृगशीर अशी नक्षत्रक्रमाने नावे दिली, हे पंचांग जाणणाऱ्या वाचकास विशेष वाटेल.

मोठ्या साहसांची परंपरा विजयपत सिंघानिया यांनी चालविली. १९८८ मध्ये त्यांनी मायक्रोलाइट या अतिहलक्या विमानातून इंग्लंड ते भारत हा प्रवास २३ दिवसांत एकट्याने केला. २६ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते मुंबईहून उष्ण हवेच्या फुग्यातून सु. २१ किमी. उंचीवर गेले व सिन्नरनजीक उतरले. जुहूभोवतीची हवाई वर्दळ मात्र इतकी वाढली, की बाँबे फ्लाइंग क्लबला प्रशिक्षणाची उड्डाणे अजिंठ्याच्या डोंगररांगेपलीकडे धुळ्याच्या विमानतळावर न्यावी लागली. खाजगी परवान्यासाठी तेथे किमान ४० तासांचे उड्डाण नोंदवहीत असावे लागते.