वांद्र्याचा सेंट अँड्र्यूज धर्मग्राम : सत्ता गेल्या, गावठाणे राहिली

मुंबईच्या उपनगरांतील सर्वांत जुन्या कॅथलिक देवळांची यादी केली, तर वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चचे नाव पहिल्या काही नावांत येईल. हिल रोडवर, समुद्राच्या दिशेने तोंड करून उभ्या असलेल्या या चर्चची स्थापना इ.स. १५७५ ची. संत आंद्रेय हा येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, आणि व्यवसायाने मासेमार. ज्या किनाऱ्यावर पहिले बाप्तिस्मे मुख्यतः कोळ्यांचे झाले, तेथील देवळाला त्याचे नाव मिळावे यात आश्चर्य नाही. ३० नोव्हेंबर हा त्याचा सण.

या चर्चला व त्याच्या अनुयायांना दीर्घकाळ 'पोर्तुगीज' हे विशेषण लावले गेले. ते फसवे आहे. वांद्र्यावर पोर्तुगिजांची सत्ता राहिली ती सुमारे दोनशे वर्षे. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे हा धर्मग्राम चालला तो पोर्तुगीज सत्तेविना, आणि त्यांतील निर्णायक काळात युरोपीय धर्मगुरूंविनाही. ज्यांनी तो चालवला त्यांची घरातली भाषा मराठी होती. या धर्मग्रामाचा इतिहास पाहताना हे सूत्र सुटू देऊ नये.

आरंभ मात्र सत्तेच्याच छायेत झाला. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगिजांना दिला. साष्टी बेट, आणि त्याच्या दक्षिण टोकाचे वांद्रे, त्यात आले. (गोव्यातही एक साष्टी आहे आणि तेथेही येशूसंघच काम करीत होता, जुन्या कागदांत या दोन साष्टींची गल्लत वारंवार होते.) उत्तर साष्टीत फ्रान्सिस्कन संघाने काम सुरू केले, तर वांद्रे येशूसंघीयांच्या, म्हणजे जेझुइटांच्या, वाट्याला आले. 'साष्टीचा प्रेषित' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो ते फादर मान्युएल गोमिश यांचे नाव या चर्चच्या स्थापनेशी जोडलेले आहे.

हे धर्मांतर सर्वस्वी श्रद्धेचे होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. साष्टीतील अनेक देवळे या काळात नष्ट झाली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांचे ख्रिस्ती मठात रूपांतर झाले. हिंदूंच्या सार्वजनिक धर्माचरणावर निर्बंध आले. बाप्तिस्मा घेणाऱ्यांना राज्यकर्त्यांकडून सवलती मिळत, हेही खरे. पण सक्ती आणि आमिष यांनी समाज घडत असता, तर सत्ता हटताच तो विरघळूनही गेला असता. तसे झाले नाही. कोळी, कुणबी, भंडारी अशा जातींतून आलेल्या लोकांनी नवा धर्म घेतला, पण गाव, शेत, होडी, सोयरीक आणि बोली सोडली नाही. फ्रान्सिस्को व्हाझ द ग्विमारायस या धर्मगुरूने येशूच्या दुःखभोगावर रचलेले पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले, तेही मराठीत. उत्तर कोकणातील ख्रिस्ती घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाई. ज्याला उपदेश करायचा त्याच्या भाषेतच बोलावे लागते, हे त्या काळच्या पाद्र्यांनी ओळखले होते.

सतराव्या शतकात वांद्रे हे येशूसंघाचे मोठे ठाणे बनले. सेंट अँड्र्यूजखेरीज सेंट अ‍ॅन्स ही विद्यासंस्था, टेकडीवरचे मारियेचे चॅपेल आणि १६४० मध्ये बांधलेला आग्वादाचा किल्ला, असा सगळा पसारा होता. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण गेले, आणि माहीमची खाडी ही दोन युरोपीय सत्तांमधली सरहद्द झाली. खाडीच्या दोन्ही तीरांवरचे तंटे मग नित्याचे झाले. १६८९–९० मध्ये सिद्दीने मुंबईवर स्वारी केली, तेव्हा वांद्र्याच्या येशूसंघीयांनी त्याला मदत केल्याचा आरोप ठेवून इंग्रजांनी त्यांची परळ परिसरातील मालमत्ता जप्त केली.

या वैभवाचा शेवट १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत झाला. मराठ्यांनी ठाणे घेतले, साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. वांद्र्याचा किल्ला व सेंट अ‍ॅन्सच्या इमारती मराठ्यांच्या हाती पडून तेथून माहीमवर मारा होईल, या धास्तीने इंग्रजांनी त्या उद्ध्वस्त करविल्या. वांद्र्यातील ख्रिस्ती वास्तूंचा सर्वांत मोठा विध्वंस अशा रीतीने ख्रिस्ती शेजाऱ्याच्याच सल्ल्याने झाला! सेंट अ‍ॅन्सच्या आवारातला, एकाच दगडातून घडवलेला सुमारे सतरा फुटी क्रूस मात्र वाचला. येशूच्या दुःखभोगाची चिन्हे अंगभर कोरलेला हा क्रूस पुढे सेंट अँड्र्यूजच्या आवारात आणून उभा करण्यात आला. तो आजही तेथे पाहता येतो.

येशूसंघीय निघून गेले. पुढची पस्तीस वर्षे साष्टी मराठ्यांकडे होती. वसईच्या शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती प्रजेच्या धर्माचरणाला मोकळीक होती. पण मोकळीक असणे वेगळे आणि देऊळ चालवणे वेगळे. संघाचे उत्पन्न गेले होते, संरक्षण गेले होते, साष्टीतील कित्येक चर्चे ओस पडून त्यांच्या भिंतींवर झाडे वाढली. सेंट अँड्र्यूज ओस पडले नाही. गोव्याच्या आर्चबिशपच्या अधिकाराखालील देशी धर्मगुरू तेथे मिस्सा करीत राहिले आणि गावकरी त्यांना सांभाळीत राहिले. इतिहासकारांनी या काळाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. भव्य इमारती नसलेला काळ नजरेत भरत नाही. या धर्मग्रामाची खरी परीक्षा मात्र त्याच काळात झाली. १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. त्या आधीच, म्हणजे १७८० पासून, धर्मग्रामाच्या शाळेचा इतिहास सुरू होतो. सेंट अँड्र्यूज हायस्कूल तिचाच वारसा सांगते.

टेकडीवरच्या मारियेची कथा सेंट अँड्र्यूजपासून वेगळी काढता येत नाही. परंपरा अशी की, १७०० च्या सुमारास अरब चाच्यांनी टेकडीवरील चॅपेलवर हल्ला करून मूर्तीचा उजवा हात तोडला. पुढे चॅपेलची पुन्हा उभारणी होईपर्यंत तेथे दुसरी मूर्ती होती. एका कोळ्याला ती समुद्रात सापडली, अशी आख्यायिका. दर्यावर्दींची माता म्हणून ओळखली जाणारी ती मूर्ती नंतर सेंट अँड्र्यूजमध्ये आली आणि मूळ मूर्ती, बाळ येशूसह दुरुस्त होऊन, टेकडीवर परतली. आख्यायिकेतला तपशील बाजूला ठेवला तरी तिच्यातील कोळ्याचे स्थान लक्षणीय आहे. कोळ्यांनी या मारियेला 'मोतमावली' म्हटले, आणि ही मावली केवळ ख्रिस्ती कोळ्यांची राहिली नाही.

वांद्र्याच्या बहुधर्मीय वस्तीचा ठसा या इतिहासावर जागोजागी आहे. गावचा मोठा तलाव नवपाड्याच्या एका सधन कोकणी मुसलमानाने बांधला. त्याच्या काठी जरीमरीचे देऊळ आहे. बाजाराच्या बाजूला जामा मशीद, हिल रोडलाच १८८४ ची टाटा अग्यारी. वांद्र्याला मुंबईशी जोडणारा माहीमचा बांध सरकार बांधीना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी त्यासाठी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि १८४५ मध्ये तो खुला झाला. त्या आधी खाडी होडीने ओलांडताना माणसे बुडत. अवाबाईंनी मोतमावलीला नवस केला होता, अशीही एक कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, पारशी बाईने ख्रिस्ती देवळाला नवस करणे वांद्र्यात कोणाला अशक्य वाटले नाही, हेच पुरेसे बोलके आहे. टेकडीवरच्या सध्याच्या चर्चचा वास्तुकारही पारशी, शापुरजी चंदाभाय. ती इमारत १९०४ मध्ये पूर्ण झाली आणि १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. दर सप्टेंबरात, ८ तारखेच्या मारियेच्या जन्मसणानंतर भरणाऱ्या आठवड्याभराच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे आणि बाळे वाहणाऱ्यांत हिंदू, मुसलमान, पारशी असे सगळेच असतात. २०२० व २०२१ या महासाथीच्या वर्षांत ही जत्रा भरू शकली नाही.

बाहेरच्यांशी असा सलोखा असताना घरात मात्र भांडण होते. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चवर मिळालेला आश्रयाधिकार, म्हणजे 'पाद्रोआदो', आणि थेट रोमच्या अखत्यारीतील 'प्रोपगंडा' यांच्यात मुंबईचे कॅथलिक सव्वाशेहून अधिक वर्षे विभागले गेले. १७९४ पासून मुंबईत दुहेरी अधिकारक्षेत्र सुरू झाले आणि पुढे ते लोण साष्टीत पोहोचले. वांद्र्यात सेंट अँड्र्यूज गोव्याच्या बाजूला राहिले, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रोपगंडाच्या बाजूने सेंट पीटर्स उभे राहिले. एकाच गल्लीत शेजारची दोन घरे दोन वेगवेगळ्या बिशपांची प्रजा असत. भांडण श्रद्धेचे नव्हते, हुकमतीचे होते. म्हणूनच कदाचित ते इतके कडवट झाले. १९२८ च्या कराराने दुहेरी कारभार संपला, पण आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, अशी विचित्र तडजोड त्यात होती. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले, तेव्हा तीही संपली.

दरम्यान गावाचे शहर होत होते. १८६० च्या दशकात रेल्वे आली, १८७६ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. गोव्याहून व मंगळुरूहून कॅथलिक कुटुंबे नोकरीसाठी येऊ लागली. आपण या भूमीचे मूळ रहिवासी आहोत हे कंपनी सरकारच्या जुन्या चाकरीशी नाते सांगून ठसवण्यासाठी स्थानिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, आणि १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांची संघटना स्थापन झाली. मराठी बोलणाऱ्या समाजाने स्वतःला इंग्रजी नाव घ्यावे, हा त्या काळाचा महिमा. १८९६ च्या प्लेगात गावोगावी, नाक्यानाक्यांवर क्रूस उभे राहिले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्थेने शेतजमिनींवर बंगल्यांची आखीव वस्ती वसवली. तिने मध्यमवर्गाला घरे दिली. गावठाणाभोवतीची भातखाचरे मात्र त्याच सुमारास दिसेनाशी होऊ लागली.

ईस्ट इंडियन घरांतील मराठीला याची झळ लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात, लॅटिनऐवजी लोकभाषांतून उपासना सुरू झाली. वसईत ती जागा मराठीने घेतली. वांद्र्यात मुख्यतः इंग्रजीने घेतली, कारण तोवर ईस्ट इंडियन, गोवेकर आणि मंगळुरी यांची सामाईक भाषा तीच झाली होती आणि धर्मग्रामाच्या शाळाही इंग्रजी माध्यमाच्या होत्या. जी बोली मराठे, इंग्रज आणि चर्चची अंतर्गत भांडणे पचवून टिकली, ती शिक्षणाच्या यशापुढे मागे हटली. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून आणायचे 'उंबराचे पाणी', त्या वेळची गाणी, बॉटल मसाला, फुगिया आणि ऑक्टोबरातला 'आगेरा' यांत ती अजून भेटते. आगेऱ्याला नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी चर्चमध्ये आणतात. वांद्र्यात भात पिकत नाही, म्हणून ती बाहेरून आणावी लागतात.

आज प्रश्न आहे तो गावठाणांचा. रानवर, चुईम, पाली, शेर्ली, राजन, चिंबई ही नावे नकाशावर आहेत. लाकडी जिन्यांची, मंगलोरी कौलांची घरे वर्षागणिक कमी होत आहेत. २०१७ मध्ये बझार रोडवरील एक क्रूस महापालिकेने अनधिकृत ठरवून पाडला. तो एकोणिसाव्या शतकातला व खासगी जागेतला आहे, असे रहिवाशांचे म्हणणे होते. रस्ता क्रुसाआधी होता की क्रूस रस्त्याआधी, हा वाद वांद्र्यात केवळ भावनेचा नाही, भूमापनाचा आहे. कारण गावठाणांच्या सीमांची रेखाटणीच अनेक वर्षे रखडलेली होती. धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या या बाबतीत महत्त्वाचा पुरावा ठरू शकतात. कोणते कुटुंब कोणत्या गावठाणात किती पिढ्यांपासून राहत आहे, याची माहिती महसुली कागदांपेक्षाही कित्येकदा त्यांतच अधिक सापडते.