नांदीवरून नाटक

१९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही चित्रमालिका लागत असे. त्या वर्षी ज्या घरांत शाळकरी मुले होती, त्या घरांना त्या सकाळींची आठवण करून देण्याची गरज नाही. एरवी हाका मारून मारून आईचा घसा बसला तरी अंथरूण न सोडणारी आम्ही पोरे रविवारी आपण होऊन उठत असू आणि आंघोळी उरकून शेजारच्या काकूंच्या ओसरीवर दाटीवाटीने जाऊन बसत असू. संच आळीत त्यांच्याकडेच होता. शीर्षकगीत गुलजारांचे होते. शेरखानाला आवाज दिला होता आपल्या नाना पाटेकरांनी. मोगलीची गोष्ट किपलिंगसाहेबाची, रान मध्य हिंदुस्थानातले आणि भाषा हिंदी. तेव्हा ही चित्रे जपानात काढलेली आहेत, असे त्या वेळी कुणी सांगितले असते तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते!

या मालिकेचा पहिला भाग मात्र मला पाहता आला नाही. ऐन वेळी वीज गेली. अर्धा तास आम्ही काळ्या काचेकडे टक लावून बसलो आणि हिरमुसून घरी परतलो. पुढच्या रविवारी मधूनच गोष्ट पाहू लागलो, आणि तरीही मोगली आमचा जिवलग झाला. पहिल्या भागावाचून आमचे काही अडले नाही. ही क्षुल्लक गोष्ट मी इतकी वर्षे का जपून ठेवली, ते पुढे कळेल.

जपानात अशा चित्रमालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात. तेथे या मालिकांना ऋतू असतात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांत हिवाळा, वसंत, उन्हाळा आणि शरद असे चार हंगाम सुरू होतात. एक हंगाम सुमारे तेरा आठवड्यांचा. नवा हंगाम उजाडला की डझनावारी नव्या मालिकांचे पहिले भाग एकदम पुढे येतात आणि रसिक मंडळी ते शेजारी शेजारी ठेवून निवाडा करू लागतात. हे चांगले, ते टाकाऊ; हे पाहायचे, ते सोडायचे. शरदाचा हंगाम नेमका आपल्या दसरा-दिवाळीच्या सुमाराचा. आपण दिवाळी अंक चाळतो आणि पहिल्या पानावरून कथेचा कस ठरवतो, त्यातलाच हा प्रकार. आपल्या संगीत नाटकांतही नांदी ऐकूनच नाटकाचे भविष्य सांगणारे जाणकार असतच.

हा निवाडा कितपत खरा ठरतो? माझ्यासारख्या शाळामास्तराला हा प्रश्न फार जवळचा वाटतो. जून महिन्यात वर्गात नवी पोरे येतात आणि आठवडाभरात आपण मनातल्या मनात त्यांना हुशार, मध्यम आणि ढ अशा रांगांत बसवून मोकळे होतो. म्हणून ॲनिमेच्या इतिहासातले काही गाजलेले पहिले भाग आज आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू.

सुरुवात अर्थातच १ जानेवारी १९६३ पासून करायची. त्या नववर्षदिनी जपानच्या फुजी वाहिनीवर ‘तेत्सुवान आतोमु’ म्हणजे ‘पोलादी बाहूंचा अणू’ या मालिकेचा पहिला भाग लागला. पुढे जगाने या मालिकेला ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने ओळखले. कर्ता ओसामू तेझुका. हा गृहस्थ शिकला वैद्यकी, पण आयुष्यभर हाती धरला तो कुंचला. पहिल्या भागाचा प्रारंभच मृत्यूने होतो. तेन्मा नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा मोटारीच्या अपघातात जातो. पिता दुःखाने वेडापिसा होतो आणि मुलाच्याच रूपाचा यंत्रमानव घडवतो. काही दिवस घर पुन्हा हसते. पण यंत्राचे बाळ वाढत नाही. दाराच्या चौकटीवरची उंचीची खूण वर सरकत नाही, म्हणजे हा माझा मुलगा नव्हे, असे म्हणत तोच बाप त्याला सर्कशीला विकून टाकतो. पुढे दुसरा एक सहृदय प्राध्यापक त्याची तेथून सुटका करतो.

पंचवीस मिनिटांच्या बालकथेत एवढे दुःख! परंतु त्याहूनही नवल होते ते चित्रांच्या काटकसरीचे. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी धावतात. डिस्नेच्या कारखान्यात त्यासाठी चित्रांमागून चित्रे काढली जात. तेझुकांच्या ‘मुशी प्रॉडक्शन’कडे तेवढा वेळ नव्हता आणि तेवढा पैसाही नव्हता. दर आठवड्याला एक भाग द्यायचा होता. तेव्हा त्यांनी एक चित्र तीन तीन चौकटींना वापरले. बोलताना फक्त ओठ हलवले, बाकीचा चेहरा स्थिर ठेवला. एकदा काढलेले उड्डाण जपून ठेवून पुन्हा पुन्हा वापरले. चतुर गृहिणी कालच्या भाताचा आज फोडणीचा भात करते, तशातलीच ही युक्ती. जाणत्यांनी नाके मुरडली, पण मुलांना त्याचे काही वाटले नाही. पुढे या मालिकेने चाळीस टक्क्यांवर प्रेक्षक गाठले आणि १९६६ च्या अखेरीपर्यंत तिचे १९३ भाग झाले. येथे नांदीनेच नाटक जिंकले, यात शंका नाही.

पण आता ६ ऑक्टोबर १९७४ ची संध्याकाळ पाहा. वार रविवार, वेळ साडेसातची. जपानी कुटुंब जेवण उरकून दूरचित्रवाणीपुढे बसले आहे. एका वाहिनीवर ‘हायडी’ चालू आहे आणि दुसरीवर आज ‘अंतराळनौका यामातो’चा पहिला भाग लागणार आहे.

‘हायडी’ त्या जानेवारीतच सुरू झाली होती. योहाना श्पीरी या स्विस लेखिकेच्या कादंबरीवरून इसाओ ताकाहाता यांनी ती दिग्दर्शित केली. दृश्यांची मांडणी हायाओ मियाझाकी या तरुणाची होती. हाच मियाझाकी पुढे जगप्रसिद्ध झाला. चित्रे काढण्यापूर्वी ही मंडळी स्वतः स्वित्झर्लंडला जाऊन तेथली घरे, कुरणे आणि शेळ्या पाहून आली होती. पहिल्या भागात घडते ते एवढेच: एक पोरकी मुलगी मावशीचे बोट धरून डोंगरावरच्या आजोबांकडे निघते. गाठोडे वाहायला नको म्हणून मावशीने तिच्या अंगावर एकावर एक कपडे चढवलेले असतात. वाटेत शेळ्या राखणारा पीटर भेटतो. उन्हाने घामाघूम झालेली ती चिमुरडी एकेक कपडा उतरवून टाकते आणि शेळ्यांमागे धावत सुटते. ना लढाई, ना खलनायक. तरीही ते धावणे पाहिले की आपल्याही अंगावरचे काहीतरी ओझे उतरल्यासारखे वाटते.

आता दुसरी वाहिनी लावून पाहा. वर्ष २१९९. परग्रहावरच्या शत्रूने किरणोत्सर्गी बॉम्ब टाकून पृथ्वी भाजून काढली आहे. समुद्र आटले आहेत, माणसे जमिनीखाली राहतात, आणि मानवजातीला उरले आहे एकच वर्ष. प्लूटोजवळच्या लढाईत पृथ्वीचे आरमार बुडते. सेनापती ओकिता एकटे जहाज घेऊन मागे फिरतात. तरुण कोदाई मामोरू माघार नाकारतो आणि मरण पत्करतो. त्याचा धाकटा भाऊ सुसुमू भागाच्या शेवटी कोरड्या समुद्रतळाशी एक गंजलेले प्रचंड धूड पाहतो. ती असते ‘यामातो’, ७ एप्रिल १९४५ रोजी सुमारे तीन हजार माणसांसह बुडालेली जपानची महायुद्धनौका. पराभवाची ती आठवण पुन्हा उठणार आहे, आणि आता ती साऱ्या जगाचे प्राण वाचवायला निघणार आहे. १९७४ सालच्या जपानी बापाला हे पाहताना काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

पण तो बाप ते पाहत होता कुठे? घरात संच एकच. टिपून ठेवून मग पाहण्याचे यंत्र तेव्हा घरोघरी आलेले नव्हते. धाकट्या लेकीला हायडी हवी, थोरल्या लेकाला यामातो हवी, आणि घरोघरच्या या तंट्यात बहुधा धाकट्या लेकीचाच विजय होत असणार. हायडी वीस टक्के घरांत दिसत होती. यामातोची मजल सात टक्क्यांच्या आसपासच राहिली. एकोणचाळीस भागांचा बेत सव्वीस भागांतच आटोपावा लागला. मालिका मार्च १९७५ मध्ये संपली. अपयशाचा शिक्का बसला.

पुढे ती पुन्हा दाखवली गेली. तेव्हा समोर हायडी नव्हती. महाविद्यालयांतली आणि शाळांतली मुले तिच्याभोवती जमू लागली. ऑगस्ट १९७७ मध्ये त्याच भागांची जोडणी करून चित्रपट काढला, तर चित्रपटगृहांपुढे आदल्या रात्रीपासून रांगा लागल्या! चित्रे तीच आणि शब्दही तेच. फरक एवढाच, की दुसरी संधी मिळाली होती.

तीच कथा ‘गंडाम’ची. ७ एप्रिल १९७९ रोजी, योगायोगाने यामातो बुडाल्याच्याच तारखेला, नागोया वाहिनीवर या मालिकेचा पहिला भाग लागला. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. यांनी तेझुकांच्या आतोमुवर उमेदवारी केली होती आणि हायडीच्या कित्येक भागांची आखणीही केली होती. मालिकेचा प्रायोजक खेळणी विकणारा होता. त्याला पोलादी राक्षसांची मारामारी हवी होती. तोमिनोंनी दिली ती, पण कशी? निवेदक पहिल्याच मिनिटांत सांगतो, की एका महिन्याच्या युद्धात निम्मी मानवजात मेली. पंधरा वर्षांचा आमुरो हा मुलगा शूर नाही. तो यंत्रे खोलत बसणारा, जेवणाचेही भान नसलेला घुम्या पोरगा. शेजारच्या मुलीची आई आणि आजोबा डोळ्यांदेखत मरतात, तेव्हा तो यंत्रमानवात चढतो आणि हातात माहितीपुस्तक धरून ते चालवतो. पहिला शत्रू फुटतो, त्या स्फोटाने वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडते आणि त्याचा स्वतःचा बाप त्या भगदाडातून अंतराळात फेकला जातो. विजयाची किंमत पहिल्याच दिवशी वसूल!

खेळणी खपली नाहीत, प्रेक्षक आले नाहीत. बावन्न भागांची मालिका त्रेचाळीस भागांवर, जानेवारी १९८० मध्ये आवरली. पुढे पुनःप्रक्षेपण झाले. जुलै १९८० पासून तिच्या जुळवायच्या प्रतिकृती दुकानांत आल्या आणि पोरांनी दुकाने रिकामी केली. १९८१ साली चित्रपट आला. आज चार दशकांनंतरही तिच्या नव्या नव्या शाखा फुटतच आहेत.

या चार नांद्या शेजारी ठेवल्या म्हणजे काय दिसते? आतोमु आणि हायडी यांना लोकांनी लगेच ओळखले, आणि ते ओळखणे बरोबरच होते. तेव्हा पहिली पसंती नेहमी आंधळी असते, असे म्हणता येणार नाही. पण यामातो आणि गंडाम नापास झाल्या, त्या पहिल्या भागात उणीव होती म्हणून नव्हे. एकीच्या वाट्याला आलेली वेळ वाईट होती. दुसरीच्या वाट्याला आलेला परीक्षक भलत्याच विषयाचा होता. टक्केवारीने मोजला तो त्या दिवशीचा दिवाणखाना, गोष्ट मोजली नाही. आणि गोष्टीची खरी किंमत ठरली ती फेरपरीक्षेत.

आज परिस्थिती उलटी आहे. घरात संच एक नाही, प्रत्येकाच्या खिशात एकेक आहे. आजचा भाग उद्या, परवा, पुढल्या वर्षीही पाहता येतो. तंटा उरला नाही, पण सबूरीही उरली नाही. पहिल्या पाच मिनिटांत मन रमले नाही तर बोट पुढच्या मालिकेकडे सरकते. कर्त्यांनाही हे उमगले आहे. एप्रिल २०२३ मध्ये ‘ओशी नो को’चा पहिला भाग दीड तासाचा केला होता. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ‘फ्रीरेन’चे पहिले चार भाग जोडून एकाच रात्री दाखवले. या फ्रीरेनचा प्रारंभच गोष्ट संपल्यावर होतो. दहा वर्षांची मोहीम फत्ते करून चार सोबती परततात. त्यांतली फ्रीरेन शेकडो वर्षे जगणारी. तिला दहा वर्षे म्हणजे पळभर. पन्नास वर्षांनी ती पुन्हा येते, तेव्हा तिचा सोबती म्हातारा झालेला असतो आणि लवकरच मरतो. त्याच्या अंत्यविधीला उभी असताना तिला रडू कोसळते. दहा वर्षे बरोबर राहूनही मी या माणसाला ओळखले नाही, ओळखण्याचा प्रयत्नही केला नाही!

ते पाहताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. पहिल्या आठवड्यात मी त्याला मागच्या बाकावर बसवला आणि पुढे वर्षभर त्याच्याकडे पाहायचेच राहून गेले. शाळा सोडल्यावर काही वर्षांनी तो रस्त्यात भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “सर, तुमचे इतिहासाचे तास मला अजून आठवतात.” मला मात्र त्याचे नाव आठवेना. फेरपरीक्षा त्याची नव्हती, माझी होती. आणि मी नापास झालो.

यंदाच्या दिवाळीत घरातली मुले एखादी नवी मालिका लावून बसली, तर वडील मंडळींनीही घटकाभर शेजारी बसावे. पहिला भाग आवडला तर उत्तमच. नाही आवडला, तर ‘हे काय भलतेच’ म्हणून उठण्यापूर्वी दुसरा पाहावा, जमल्यास तिसराही. आमचा मोगलीचा पहिला भाग विजेने खाल्ला होता, तरी मोगली आमच्यापर्यंत पोहोचलाच. कारण पुढच्या रविवारी आम्ही त्या ओसरीवर पुन्हा जाऊन बसलो होतो.