यकृतावर दुसऱ्यांदां शस्त्र



ग्रीक पुराणांतील प्रॉमिथियसचें यकृत गरुड दिवसां खाई आणि रात्रींतून तें पुन्हां वाढे. वर्गांत ही कथा मी पुष्कळदां सांगितली. पण कापून उरलेलें यकृत खरोखरीच वाढतें, याचें मुलांना कथेहून अधिक नवल वाटे. या गुणामुळेंच यकृताचा रोगट भाग काढून टाकणें शक्य झालें. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनीं तें केलें. रक्तस्रावामुळें त्याच रुग्णेचें पोट त्यांना पुन्हां उघडावें लागलें, तरी ती वांचली.

परंतु कर्करोग इतक्यानें हटत नाहीं. तो बहुधा 'ब' वा 'क' काविळीच्या विषाणूंनीं किंवा मद्यानें आधींच निबर झालेल्या यकृतांत होतो. गांठ काढली तरी जमीन तीच राहते. म्हणून पांच वर्षांत दहांपैकीं सहा-सात रुग्णांत तो परततो. मग दुसरी शस्त्रक्रिया आली, आणि तिच्या वाटेंत पहिलीच आडवी येते. उघडलेल्या पोटांत जखम भरतांना आंतडीं, जठर व यकृत एकमेकांस चिकटतात. तीं सोडवितांना आंतडें फाटण्याचें व रक्त वाहण्याचें भय असतें.

येथें एक जुना प्रयोग कामीं आला. १९०१ सालीं ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंग यांनीं एका कुत्र्याच्या पोटांत हवा भरून बारीक छिद्रांतून दुर्बीण घातली. हवेच्या दाबानें आंतला रक्तस्राव थांबेल काय, हा त्यांचा मूळ प्रश्न! १९१० मध्यें स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनीं माणसांवर ही रीत वापरली. १९८५ मध्यें जर्मनींतील एरिख म्यूहे यांनीं दुर्बिणीनें पित्ताशय काढलें. त्यांच्या वांट्यास प्रथम उपहासच आला. यकृतावर ही शस्त्रक्रिया १९९० नंतरच्या दशकांत सुरू झाली.

आज पोटांत कर्बवायु भरतात, आणि त्याच्या दाबानें यकृताच्या शिरांतून झिरपणारें रक्त खरोखरच कमी होतें. केलिंग यांचा प्रश्न अगदींच वेडा नव्हता! छिद्रें लहान असल्यानें इंद्रियेंही कमी चिकटतात. अर्थात् पहिली शस्त्रक्रिया दुर्बिणीची असल्यास दुसरी सुकर होते. मात्र मोठ्या रक्तवाहिनीला बिलगलेल्या गांठीसाठीं अजूनही पुष्कळदां पोट उघडावें लागतें. उलट लहान गांठ त्वचेंतून सुई घालून उष्णतेनें जाळतांही येते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर पहिलीं कांहीं वर्षें दर थोड्या महिन्यांनीं यकृताचें चित्रण करवितात. परतलेली गांठ लहान असतांनाच सांपडली, तरच छिद्रावर भागण्याची आशा असते.