बाबासाहेबांचे गळालेले कलम आणि आपला डेटा

१/ जुलै १९४२ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली. याच फेडरेशनच्या वतीने बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन सिद्ध केले. त्यातील एक कलम आज पुन्हा वाचण्यासारखे आहे : माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे.

२/ मूलभूत हक्क उपसमितीच्या मसुद्यात ही तरतूद आली. मात्र अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी तिला हरकत घेतली. गुन्ह्यांचा तपास अडेल, ही त्यांची मुख्य चिंता. कलम गळाले.

३/ या गळतीचे परिणाम १९५४ मध्ये दिसले. दालमिया समूहाच्या कागदपत्रांवरील छाप्यांचे एम. पी. शर्मा प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींपुढे आले. घटनाकारांनी असा खासगीपणाचा हक्क दिलेला नाही, तर तो ओढूनताणून आणता येणार नाही, असा निर्वाळा मिळाला. त्या पीठात नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश विवियन बोस होते.

४/ आधारच्या खटल्यात सरकारने याच निकालाचा आधार घेतला. ऑगस्ट २०१५ मध्ये तीन न्यायमूर्तींनी प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दोन्ही पीठांत नागपूरचे शरद बोबडे होते. २०१७ मध्ये त्यांनी स्वतंत्र निकालपत्रही लिहिले.

५/ हक्क मान्य झाला, पण कर्तव्य कोणाचे? न्या. बी. एन. श्रीकृष्ण (मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे आपल्या परिचयाचे) यांच्या समितीने २०१८ मध्ये उत्तर सुचवले : माहिती गोळा करणारी संस्था तिची मालक नव्हे, विश्वस्त होय.

६/ २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही कल्पना उतरली. माहिती कशासाठी हवी हे संस्थेने आधी सांगायचे. ती सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. काम दुसऱ्या कंपनीकडे दिले तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच. डेटा फुटल्यास मंडळाला आणि प्रत्येक बाधित व्यक्तीला कळवायचे. हेतू संपला की माहिती पुसायची. अन्य कायद्याने ती जपणे बंधनकारक असेल तर गोष्ट वेगळी. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. प्रमुख कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

७/ एक गाठ मात्र सुटलेली नाही. राज्याची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकते. १९४७ चे कलम प्रामुख्याने शासनाच्या हातापासून नागरिकाचे कागद वाचवण्यासाठी होते. २०२३ चा कायदा दुकानदाराला, बँकेला, रुग्णालयाला विश्वस्त करतो. शासनासाठी मात्र दार किलकिले ठेवतो. तपास अडेल ही १९४७ ची चिंता नव्या शब्दांत परतली आहे. म्हणूनच ते गळालेले कलम अभ्यासायचे.