जातिलुवीह : पाण्यानें बांधलेलें गांव

बाली बेटाचें नांव निघालें म्हणजे आमचा सुशिक्षित वाचक तत्काळ प्राचीन भारताच्या स्मृतींत रमूं लागतो. तेथें हिंदु धर्म आहे, रामायण-महाभारतांतील कथा आहेत, आणि शालिवाहन शकाची गणनाहि आहे. वसंतारंभीं तेथील लोक अग्नि न पेटवितां, घराबाहेर न पडतां ‘न्यपि’ नांवाचा जो मौनदिन पाळतात, तो त्यांच्या शकवर्षाचा पहिला दिवस होय. ही माहिती खरी असली, तरी दुसऱ्याच्या घरांत आपलीच तसबीर शोधीत फिरणारास तें घर सहसा दिसत नाहीं. म्हणून आज आम्ही राजे, देवळें व नृत्यें बाजूस ठेवून त्या बेटावरील एका लहानशा शेतकरी गांवाचा इतिहास पाहणार आहों.

बालीच्या मध्यभागापासून पश्चिमेकडे तबानान जिल्ह्यांत बतुकारू नांवाचा २,२७६ मीटर उंचीचा जुना ज्वालामुखी उभा आहे. त्याच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटरांवर, जातिलुवीह वसलें आहे. ‘जाति’ म्हणजे खरोखर आणि ‘लुवीह’ म्हणजे उत्तम, असा या नांवाचा अर्थ सांगतात. डोंगराच्या वळणांप्रमाणें वळत उतरलेलीं सुमारें तीनशें हेक्टरांचीं भातखाचरें हें गांवाचें सर्व वैभव. वरचें पाणी एका खाचरांतून दुसऱ्यांत उतरतें, आणि ज्वालामुखीच्या मातींतील क्षार बरोबर आणून वाटेंत पिकांस पोसतें.

पण हें ‘गांव’ म्हणजे नक्की काय? बालींत या प्रश्नास एक उत्तर नाहीं. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें १९५९ सालीं दाखवून दिलें कीं, बालीचें खेडें हें एकच एक वर्तुळ नसून एकमेकांवर पडलेल्या अनेक वर्तुळांची गुंफण आहे. देवळें, स्मशान व रूढी यांनीं बांधलेलें एक गांव. सरकारी दप्तरांतलें दुसरें. आणि पाण्यानें बांधलेलें तिसरें. या तिसऱ्याचें नांव ‘सुबाक’. एका पाटाच्या पाण्यावर ज्यांचीं खाचरें भिजतात ते सर्व एका सुबाकाचे सभासद, मग त्यांचीं घरें कोणत्याहि वाडींत असोत. शेजारी राहणारे दोघे भिन्न सुबाकांत असूं शकतात. गांवासाठीं त्यांनीं योजिलेला ‘देसा’ हा शब्द आपल्या ‘देश’ शब्दाचा वंशज आहे. ‘सुबाक’ मात्र त्यांच्या स्वतःच्या भाषेंतला आहे. हा भेद आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

या व्यवस्थेचें वय राजघराण्यांच्या वयाहून अधिक आहे. शके ८०४ (इ. स. ८८२) मधील सुकावन येथील लेखांत भातशेतीचा निर्देश आहे, आणि शके ८१८ (इ. स. ८९६) मधील बेबेतिन येथील लेखांत पाण्यासाठीं डोंगरांतून बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा उल्लेख सांपडतो. ‘सुबाक’ शब्दाचें जुनें रूप अकराव्या शतकांतील लेखांत येतें. हजार वर्षांपूर्वीं जेथें बोगदा खणणें हा एक स्वतंत्र धंदा होता, तेथें पाण्याची वांटणी करण्याचें शास्त्रहि असलेंच पाहिजे.

तें शास्त्र साधें व कठोर आहे. पाटांत आडव्या बसविलेल्या लांकडी ओंडक्यांत मापाच्या खांचा असतात. ज्याच्या वांट्यास जितकी खांच, तितकें त्याचें पाणी. ‘पकासेह’ हा सुबाकाचा मुख्य सभासदांनींच निवडलेला असतो. बैठकींत बोलण्यास सामान्यतः वर्ण आड येत नाहीं; शेताचा धनी म्हणून जो तो बोलतो. नियम लिहिलेले असतात, आणि ते मोडणारास दंड पडतो. पाटाच्या प्रत्येक महत्त्वाच्या फांट्यावर एक देऊळ असतें. तेथें भाताची देवी श्री हिची पूजा होते, आणि पेरणीचे व पाणी सोडण्याचे दिवसहि तेथेंच ठरतात. देवीचें नांव भारतांतून गेलें, परंतु पाण्याचा हिशेब त्यांचा त्यांनींच मांडला.

या हिशेबांतील मर्म असें. पाणी प्रथम वरच्या शेतकऱ्याच्या हातीं येतें. खालच्यास उरेल तें. मग वरच्यानें खालच्याची पर्वा कां करावी? त्याचें कारण कीड हें होय. आजूबाजूचीं सर्व खाचरें एकाच वेळीं कापलीं व एकाच वेळीं पडीत ठेवलीं, तर किडीस खावयास कांहीं उरत नाहीं व ती मरते. खालच्यानें भलत्याच वेळीं पीक उभें केलें, तर तेथें पोसलेली कीड वरच्याच्या शेतावर चालून येते. उलट, सगळ्यांनींच एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाहीं. या दोन भयांच्या मधोमध वेळापत्रक बसवावें लागतें. वरचा पाणी देतो, खालचा वेळ पाळतो. एकमेकांचें भय हाच येथें सहकाराचा पाया झाला आहे.

राज्यें आलीं आणि गेलीं. २० सप्टेंबर १९०६ रोजीं डच तोफांसमोर बदुंगच्या राजकुलानें आत्मबलिदान केलें. पाठोपाठ तबानानचा राजा शरण आला. परंतु बंदिवासांत त्यानें व त्याच्या पुत्रानें प्राण दिले. शेतसारा आतां डचांच्या तिजोरींत जाऊं लागला. पुढें १९४२ ते १९४५ जपानी अंमल झाला. २० नोव्हेंबर १९४६ रोजीं याच तबानानमधील मार्गा येथें ङुरा राय हे आपल्या सर्व साथीदारांसह डचांशीं लढतां लढतां पडले. १९६५-६६ च्या कत्तलींत बालींत सुमारें ऐंशीं हजार माणसें मारलीं गेलीं असा अंदाज आहे. जमिनीच्या फेरवांटणीचा तंटा हें त्या वैराचें एक मूळ होतें. सहकार करणारा समाज निर्वैर असतोच असें नाहीं, हें या प्रकरणानें कायमचें सांगून ठेवलें आहे.

तरीहि सुबाकावर खरा घाला आला तो शत्रूचा नव्हे, हितकर्त्यांचा. १९७० नंतर इंडोनेशियाच्या सरकारनें अधिक धान्याची मोहीम हातीं घेतली. लवकर येणारीं नवीं वाणें, रासायनिक खतें, कीटकनाशकें आणि शक्य तितकीं पिकें, एकामागून एक, हा तिचा मंत्र होता. देवळांचीं वेळापत्रकें तिला केवळ विधि वाटलीं. प्रारंभीं उत्पन्न वाढलें. मग पडीताचा काळ संपल्यामुळें कीड वाढली. तुडतुडा व ‘तुंग्रो’ हा विषाणूजन्य रोग फैलावले, आणि एका रोगास पुरून उरणारें वाण दुसऱ्यास बळी पडूं लागलें. १९७९ सालीं आशियाई विकास बँकेच्या साहाय्यानें पाटबंधाऱ्यांची मोठी योजना सुरू झाली, तीहि याच धोरणाची होती. स्टीफन लॅन्सिंग हे अभ्यासक ‘विधि’ म्हटल्या जाणाऱ्या या वेळापत्रकांत पाणी व कीड यांचा तोल आहे असें सांगत होते. जेम्स क्रेमर यांच्या साहाय्यानें त्यांनीं संगणकावर गणित मांडून दाखविलें कीं, देवळांच्या पद्धतीनें येणारें पीक सर्वोत्तमाच्या जवळपास असतें. बँकेच्या पुढील परीक्षणांतहि जुन्या पद्धतीकडे केलेलें दुर्लक्ष अंगाशीं आलें हें मान्य झालें. १९८६ मध्यें सरकारनें भातावरील सत्तावन्न कीटकनाशकांवर बंदी घातली. जातिलुवीहमध्यें पांच-सहा महिन्यांनीं तयार होणारें तांबड्या तांदळाचें जुनें वाण टिकून राहिलें.

पुढें सन्मान आले. २०१२ सालीं युनेस्कोनें सुबाकाचा प्रदेश, सुमारें १९,५०० हेक्टर, जागतिक वारशांत घातला. जातिलुवीह त्यांत आहे. या गौरवाचें सूत्र ‘त्रि हित करण’ असें संस्कृत आहे: देव, माणूस व भूमि यांशीं सलोखा. आमचा वाचक येथेंहि प्राचीन भारत शोधील; परंतु हा शब्दप्रयोग १९६० नंतर घडविलेला आहे. आचार जुना, नांव नवें. जुन्या आचारास नवें नांव देऊन त्याचें रक्षण करणें यांत अप्रामाणिकपणा नाहीं. मात्र नांवाचें वय आचारास चिकटवूं नये.

आतां धोका सन्मानाचाच आहे. प्रवासी खाचरांचें सौंदर्य पाहण्यास तिकीट काढून येतो. त्या सौंदर्याची मशागत करणाऱ्या शेतकऱ्यास भातापेक्षां उपाहारगृह अधिक देतें, आणि त्याच्या मुलास चिखलापेक्षां शहर. खाचर विकून तेथें इमारत उठली, तर एका शेताचें नुकसान होत नाहीं. त्या पाटावरील सर्वांच्या वेळापत्रकांतील एक दुवा तुटतो. तें खाचर चित्र म्हणून जपतां येणार नाहीं. त्यांत पाणी खेळविणारा मनुष्य पोटभर जेवला, तरच तें जगेल.

इतिहासानें राजांचीं वर्षें नोंदवावीं हें योग्यच आहे. पण ज्या गांवानें हजार वर्षें शेजाऱ्याची गरज ही आपलीच गरज मानण्याची युक्ति टिकविली, त्याचीहि नोंद त्यानें घेतली पाहिजे. ही युक्ति थोर अंतःकरणाची नव्हे, पाण्याच्या उताराची आहे. आणि म्हणूनच ती शिकतां येण्याजोगी आहे.